चार हात मिळतात म्हणून पायरी तशीच राहते

"उचलून घेऊ की, काळजी कशाला करता!" खान्देशात कुठल्याही कचेरीच्या, बँकेच्या नाहीतर मंगल कार्यालयाच्या पायरीशी कुबड्यांवरचा माणूस थांबला की हे वाक्य कानावर येतंच. दोघे-तिघे पुढे होतात. एक काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो, तिसरा कुबड्या घेतो आणि माणूस वर पोहोचतो. कोणीतरी पाणी आणून देतं. हे सगळं मनापासून चाललेलं असतं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अडलेल्याला हात द्यायला लोक मागे सरत नाहीत, हे मी लहानपणापासून बघत आलो आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. तरीही माझं असं ठाम मत झालं आहे की, आपल्याकडच्या सार्वजनिक जागा दिव्यांगांना बंद राहण्यामागे ही मदतीची तयारीच एक मोठं कारण होऊन बसली आहे. उचलायला चार हात मिळतात म्हणून पायरी कोणालाच सलत नाही. साहेबांना सलत नाही, इंजिनिअरला सलत नाही, ठेकेदाराला नाही आणि नगरसेवकालाही नाही. पायरी जागच्या जागी राहते आणि घरचा कर्ता माणूस दर वेळी लहान मुलासारखा लोकांच्या हातात जातो.

माझ्या मामांना लहानपणी पोलिओ झाला. एका पायाला कॅलिपर, दोन्ही काखांत कुबड्या. चोपड्याकडच्या एका जिनिंगवर त्यांनी दिवाणजी म्हणून आयुष्य काढलं. कुठल्या शेतकऱ्याचा किती कापूस आला आणि किती पैसे द्यायचे राहिले, हे त्यांच्या तोंडावर असायचं. अशा माणसाला सातबारावरची एक नोंद दुरुस्त करून घ्यायची तर आधी काय काय जुळवावं लागतं? भाचा रिकामा हवा. कचेरीतला शिपाई ओळखीचा हवा. साहेब जागेवर आहेत हे आधी कळायला हवं, कारण 'उद्या या' एवढं ऐकायला पुन्हा कोणाच्या गळ्यात हात टाकून चढायचं? यातलं काही जुळलं नाही की मामा जिन्याखालच्या बाकावर टेकतात आणि म्हणतात, "मी आठेच बठस, तू वर जाई ये." (मी इथेच बसतो, तू वर जाऊन ये.) मी वर जातो. कागद त्यांचे, शेत त्यांचं आणि साहेब प्रश्न विचारतात मला. भावकीत वाटणी कशी झाली होती, बांध कुठून गेला होता, हे मला अर्धवट माहीत. ज्यांना पुरतं माहीत आहे ते खाली बसलेले. उचलून नेल्याने त्या दिवसाचं काम होतं, हे खरं. पण कधी जायचं, एकट्याने जायचं की नाही, आपलं म्हणणं आपण मांडायचं की नाही, हे सगळं दुसऱ्याच्या सवडीवर जातं.

आणि बायकांचं काय? चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या तरुण मुलीला चार परक्या पुरुषांनी उचलून जिना चढवावा, हे तिला चालेल का? हा प्रश्न कचेरीच्या दारात कधी उठतच नाही, कारण ती घरून निघतच नाही. तिच्या बँकेच्या पासबुकावर भाऊ जातो, दाखल्याला वडील जातात, आणि नोंद होते ती एवढीच की काम झालं. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात चाकाची खुर्ची वापरणाऱ्या विराली मोदी यांना स्वतःच्या लग्नाच्या दिवशी उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यावं लागलं, लिफ्ट नव्हती. त्यांनी ते जाहीर बोलून दाखवलं म्हणून राज्यभर चर्चा झाली आणि तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. आपल्या तालुक्यांतल्या मुली असं जाहीर बोलत नाहीत. त्या लग्नाच्या नोंदणीलाही न जाता राहतात.

दुसरी गोष्ट, उचलून घेण्यावर भागवायचे दिवसही आता सरले. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, ही मोठीच गोष्ट. पण त्याआधीच्या पिढीतली मुलं आता चाळिशी, पन्नाशी, साठीत आहेत. तरुणपणी खांद्यांच्या जोरावर ज्यांनी जिने चढले त्यांचे खांदे झिजले आहेत. त्यांच्या जोडीला लकव्याने एक बाजू गेलेले, साखरेमुळे पाय गमावलेले, महामार्गावरच्या अपघातात कंबर मोडलेले असे कितीतरी जण येत आहेत. घरोघरी गुडघे धरून जिना चढणारी म्हातारी माणसं आहेतच. ज्यांना सपाट वाट हवी त्यांची संख्या वाढत चालली आहे, आणि मुलं पुण्याला, सुरतेला गेल्यामुळे उचलणारे हात मात्र गावात कमी होत आहेत.

गेल्या काही वर्षांत रॅम्प दिसू लागले आहेत, हे मान्य. पण एकदा त्यांच्याकडे जवळ जाऊन बघा. एका तालुक्याच्या कचेरीतला रॅम्प सांगतो. दाराशी तीन पायऱ्या, म्हणजे उंची साधारण 45 सेंटिमीटर. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी हवी. 1:12 हे प्रमाण देशातल्या मानकांत लिहिलेलं आहे. त्या हिशेबाने इथे 5.4 मीटर, म्हणजे जवळजवळ 18 फूट लांबीचा उतार हवा. प्रत्यक्षात पायऱ्यांच्या शेजारी जेवढी जागा उरली होती तेवढ्यात, सहा फुटांत, तो बसवला आहे. चाकाच्या खुर्चीतला माणूस त्यावर स्वतःच्या हाताने चढू शकत नाही. मागून ढकलणाऱ्याचाही पाय सटकतो, कारण वर गुळगुळीत फरशी घातली आहे. एका बाजूला स्टीलचा कठडा आहे, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या घरात जातो तेव्हा भर दुपारी त्या पाइपला हात लावता येत नाही. चढून गेल्यावर क्षणभर थांबायला सपाट जागा नाही, थेट चॅनल गेट. ते अर्धंच उघडतात आणि त्याचा लोखंडी रूळ फरशीच्या वर आलेला आहे. खुर्चीची पुढची बारकी चाकं तिथे अडतात आणि माणूस पुढे तोंडावर येतो. खाली, जिथून चढायला सुरुवात करायची, तिथे मोटारसायकली लावलेल्या.

हा रॅम्प कागदावर पूर्ण आहे. त्याचं मोजमाप झालं, फोटो निघाले, बिल निघालं. ज्याच्यासाठी बांधला त्याला एकदा तरी चढवून बघितलं असतं, तर सिमेंट ओलं असतानाच चूक कळली असती.

कायदा नाही म्हणून हे होतं, असं कोणी म्हणू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 सालचा आहे आणि तो एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याचं 44 वं कलम सांगतं की नकाशात सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना जागा सहज वापरता येण्याची, मानकं पाळलेली नसतील तर बांधकाम परवानगी द्यायची नाही आणि बांधून झाल्यावर ती पाळलेली नसतील तर पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही. 45 वं कलम जुन्या सार्वजनिक इमारतींबद्दल आहे: नियम निघाल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम्य करायच्या. नियम जून 2017 मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत जून 2022 मध्ये संपली. 89 व्या कलमात दंड आहे, पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत, पुढे 50 हजारांपासून 5 लाखांपर्यंत. त्याआधी 1995 चा कायदा होताच. 3 डिसेंबर 2015 रोजी सुगम्य भारत अभियान सुरू झालं. महाराष्ट्राने 2022 मध्ये दिव्यांग कल्याणासाठी वेगळा विभाग काढला. एवढं सगळं असताना माझ्या तालुक्यातली पायरी हलत नाही.

का हलत नाही, याचं एक उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिलं आहे. दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांनी सार्वजनिक जागा सुगम्य व्हाव्यात म्हणून 2005 मध्ये केलेल्या याचिकेवर 2017 मध्ये निकाल आला, सरकारांना मुदती घालून दिल्या गेल्या, आणि तरी काम पुढे सरकलं नाही म्हणून न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावं लागलं. 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की केंद्राच्या नियमांतला 15 वा नियम कायद्याशी विसंगत आहे, कारण कायदा 'करावंच लागेल' असं म्हणतो आणि नियमांतली मानकं निव्वळ मार्गदर्शक सूचनांसारखी आहेत. किमान काही गोष्टी सक्तीच्या करा, असा आदेश दिला. आपल्याकडच्या बांधकाम खात्यात किंवा नगरपालिकेत थोडा वेळ बसलेल्या माणसाला हा निकाल लगेच समजेल. जे सक्तीचं असतं ते होतं. अग्निशमनाचा ना-हरकत दाखला नसेल तर फाइल अडते. रॅम्पचा उतार चुकला म्हणून पूर्णत्वाचा दाखला अडला, असं मी तरी आमच्या भागात ऐकलेलं नाही.

हे बोलायला गेलं की समोरून एक प्रश्न हमखास येतो: "भाऊ, असे येतात तरी किती जण?" प्रश्न विचारणारा वाईट नसतो, त्याला खरंच दिसत नसतात. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले जवळजवळ 30 लाख महाराष्ट्रातले. तेव्हा मोजणीचे प्रकार कमी होते. आता कायद्यात 21 प्रकार आहेत. ही माणसं आपल्याच गल्लीत राहतात. कचेरीत दिसत नाहीत, कारण दाराशी तीन पायऱ्या आहेत आणि काम वरच्या मजल्यावर आहे. जे येऊ शकत नाहीत ते येत नाहीत म्हणून त्यांची गरज नाही, असं ठरवणं म्हणजे ज्या गावाला एसटी जात नाही तिथल्या लोकांना प्रवासाची आवड नाही असं म्हणण्यासारखं आहे.

"पैसे कुठून आणायचे?" हा दुसरा प्रश्न. नवी इमारत बांधतानाच उतार, रुंद दार आणि तळमजल्यावरचं संडास धरलं तर त्याचा खर्च एकूण अंदाजपत्रकात जाणवतही नाही. खर्च वाढतो तो बांधून झाल्यावर तोडफोड करताना. त्यात बरंच काही असं आहे की ज्याला पैसाच लागत नाही: रॅम्पसमोर गाड्या लावू न देणं, दाराचं कुलूप काढणं, लाभार्थ्याशी बोलायला साहेबांनी खाली येणं. जुन्या दगडी इमारतीत लिफ्ट बसत नसेल, मान्य. पण तळमजल्यावर एक टेबल आणि एक घंटा बसते. घंटा वाजली की वरचा कारकून खाली यायचा. कायम व्यवस्था होईपर्यंत एवढं उद्यापासून करता येतं, त्याला मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.

आणि प्रशासनाला हे जमतं, याचा पुरावा दर निवडणुकीला आपण बघतो. मतदान केंद्र म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेची शाळा. मतदानाच्या दिवशी तिथे रॅम्प असतो, नसेल तर फळ्या टाकून केलेला असतो. चाकाची खुर्ची असते, ती ढकलायला स्वयंसेवक असतो, सावली असते, पिण्याचं पाणी असतं. 2024 च्या लोकसभेला 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणि 85 वर्षांवरच्यांना घरून मतदानाचीही सोय दिली गेली. निवडणूक आयोगाने ठरवलं, कलेक्टरपासून कोतवालापर्यंत सगळ्यांना जबाबदारी वाटून दिली, आणि झालं. मग त्याच शाळेत जून महिन्यात कुबड्यांवर येणाऱ्या पोराला तीच वाट का मिळू नये? मतदाराला जे एका दिवसासाठी देता येतं ते विद्यार्थ्याला वर्षभर देता आलं पाहिजे. माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वांत जड मुद्दा हाच आहे, कारण इथे 'शक्य नाही' हे उत्तरच शिल्लक राहत नाही.

एसटीचं बघा. साध्या गाडीत दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे, आसनं राखीव आहेत. खेड्यापाड्यातल्या माणसाला या सवलतीने मोठा आधार दिला. पण गाडीची पहिली पायरी जमिनीपासून इतकी वर असते की गुडघा न वाकणाऱ्या माणसाला दांड्याला लोंबकळून अंग वर ओढावं लागतं. फलाट आणि गाडी यांच्या मध्ये अंतर राहिलं की आधी खाली उतरायचं आणि मग तेवढंच पुन्हा चढायचं. ड्रायव्हरने गाडी फलाटाला अगदी चिकटवून लावली तर निम्मं काम होतं. काही जण आठवणीने लावतातही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला गाडीवरची पाटी वाचता येत नाही, म्हणून तो येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "कोणती लागली भाऊ, शिरपूर की शहादा?" ज्याला ऐकू येत नाही त्याचा प्रश्न उलटा. गाडी दुसऱ्या फलाटावर लागणार ही सूचना भोंग्यावर होते, फळ्यावर लिहिली जात नाही. सगळे उठून धावले की आपणही धावायचं, एवढंच त्याच्या हाती उरतं. एक फळा आणि खडू यावर हे मिटण्यासारखं आहे.

रेल्वेत दिव्यांगांचा डबा बहुतेक गाड्यांना अगदी टोकाला, गार्डच्या डब्याला लागून असतो. भुसावळला गाडी बराच वेळ थांबते, तिथे फलाटाच्या टोकापर्यंत पोहोचता येतं. पण जिथे दोन मिनिटांचा थांबा आहे तिथे डबा पुढे येणार की मागे, हे आधी कळलं नाही तर कुबड्यांवर तेवढं अंतर कापून होईपर्यंत शिटी होते. त्यातून डब्याच्या दारात धडधाकट माणसं गठ्ठे घेऊन बसलेली. त्यांना उठवायला पोलीस हवा, आणि पोलीस शोधायला वेळ नाही.

बाजारपेठेतलं थोडक्यात सांगतो, कारण ते रोजच डोळ्यांसमोर आहे. रस्त्याचं काँक्रिटीकरण झालं की कडेला अर्धा फुटाची कड उभी राहते. तिच्यापुढे गटार, गटारीवर हलणारा ढापा, आणि त्यापुढे दुकानाच्या पायऱ्या. शिबिरात मिळालेली तीनचाकी सायकल इथवर येते आणि थांबते. माणूस रस्त्यातूनच ओरडून साबण मागतो. रिझर्व्ह बँकेने जुलै 2014 पासून बसणारं प्रत्येक नवं एटीएम बोलणारं आणि ब्रेल कळांचं असावं असा नियम केला, तो चांगलाच आहे. पण यंत्र दोन पायऱ्यांच्या ओट्यावर आणि दार जड काचेचं. फुटपाथवर पिवळ्या, उंचवट्यांच्या फरश्या बसवल्या जातात. त्या पायाला आणि काठीला वाट सांगण्यासाठी असतात, हे त्यावर टपरी टाकणाऱ्याला कोणी सांगितलेलंच नाही, आणि ठेकेदारालाही नसावं, नाहीतर ती वाट त्याने विजेच्या खांबात नेऊन संपवली नसती.

पाण्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत, दोन्ही पायांनी अधू, आश्रमशाळेत शिकवतात. जिल्ह्याच्या गावी काम असलं की त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. कारण साधं आहे. जिथे जायचं तिथे त्यांना वापरता येईल असं संडास नाही. असलं तर त्यावर दिव्यांगांचं चिन्ह आहे आणि कुलूप आहे. चावी ज्या शिपायाकडे, तो जेवायला गेलेला. आत गेलं तर दार इतकं अरुंद की खुर्ची बाहेर ठेवून ओल्या फरशीवरून सरपटत जायचं. म्हणून त्या तोंड कोरडं ठेवतात, खान्देशातल्या उन्हाळ्यात, सकाळच्या पहिल्या गाडीपासून रात्री घरी परत येईपर्यंत. त्यांना लघवीच्या जागी वारंवार जंतुसंसर्ग होतो, आणि डॉक्टर दर वेळी सांगतात, पाणी भरपूर पीत जा. सुगम्यता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रॅम्प येतो. माझ्या मते सुरुवात संडासापासून करायला हवी, कारण तो नसला तर रॅम्पचा उपयोग बाईमाणसाला तासाभरापुरताच आहे.

सातपुड्यात तर अडथळ्याचं रूपच वेगळं. 2016 च्या कायद्याने सिकल सेलला दिव्यांगत्वात धरलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये हा आजार घरोघरी माहीत आहे. सिकल सेलचा रुग्ण बाहेरून धडधाकट दिसतो. पण ऊन लागलं, पाणी कमी पडलं, फार दमला, की रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक नसांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारख्या वेदना सुरू होतात. अशा पोराला दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी मोलगी किंवा धडगावहून घाट उतरून, गाड्या बदलून जिल्ह्याच्या रुग्णालयात यायचं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी रांगेत उभं राहायचं. त्याच्यासाठी अडथळा म्हणजे रांग. बसायला बाक नसणं, सावली नसणं, 'आज डॉक्टर नाहीत, पुढच्या आठवड्यात या' हे वाक्य. दाखला मिळवण्यासाठी केलेल्या प्रवासातच त्याचं दुखणं उसळतं. डोंगरातल्या ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या तारखेला बोर्डानेच यायचं, तारीख आठवडे बाजारात आधी सांगायची, हे करणं अजिबात अवघड नाही. लसीकरणासाठी आरोग्य खातं पाड्यापाड्यावर पोहोचतंच.

सरकारी जागांपुरतं बोलून भागणार नाही. आपली लग्नं बघा. मंगल कार्यालयात स्टेज छातीएवढं उंच, त्याला बाजूने पाच-सहा खड्या पायऱ्या. चाकाच्या खुर्चीतली आत्या खालूनच अक्षता टाकते. अल्बममध्ये सगळं गणगोत असतं, ती नसते. पूर्वी वरण-बट्टीची पंगत जमिनीवर बसायची तेव्हा ज्यांना खाली बसता येत नाही त्यांना बाजूला खाट मिळायची. आता बुफे आला आणि उभ्याने ताट धरायचं म्हटल्यावर कुबडी कोणत्या हातात धरायची? कार्यालयाचं भाडं ठरवताना आपण एसी आहे का, पार्किंग किती, हे विचारतो. स्टेजला उतार आहे का, हे एवढंच आणखी विचारलं तर मालक पुढच्या हंगामापर्यंत करून घेतील. गिऱ्हाइकाचं ते ऐकतात.

देवळांचंही तसंच. पद्मालय, पाटणादेवी, मनुदेवी, मुक्ताईनगर, सारंगखेड्याची यात्रा, कुठेही जा, पायऱ्या चढू न शकणाऱ्याला प्रेमाने सांगितलं जातं, "बाहेरूनच नमस्कार कर, देवाला पोहोचतो." ज्यांनी अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवलं त्या साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. जातीचा अन्याय आणि पायरीचा अडथळा एका मापाने मोजता येणार नाहीत, ते मी मोजतही नाही. पण देव मनात असतो, आत जाऊन काय करायचं, हा युक्तिवाद तेव्हाही होता. त्याला खान्देशाशी नातं असलेल्या माणसाने प्राण पणाला लावून उत्तर दिलं आहे. आत जायचं की बाहेरून हात जोडायचे, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. दुसऱ्याने बाहेरची जागा नेमून द्यायची नसते.

आता पैशाकडे परत येतो, कारण गावात तो आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो वर्षाअखेरीस घाईने वाटला जातो: कोणाला भांडी, कोणाला थोडी रक्कम, आणि हार घालून एक फोटो. घेणारा गरीब असतो, त्याला त्या पैशाचा उपयोग होतो, त्यामुळे वाटप बंद करा असं मी म्हणणार नाही. पण त्यातला काही हिस्सा दर वर्षी एका जागेवर लागला पाहिजे. एका वर्षी ग्रामपंचायतीचं दार, पुढच्या वर्षी आरोग्य उपकेंद्र, मग शाळेचं संडास, मग स्मशानभूमीचा रस्ता. होय, स्मशानभूमीचाही, बापाला शेवटचं पाणी पाजायला मुलाला दगडगोट्यांतून पोहोचता येत नाही, हे मी पाहिलं आहे.

आणि बिलावर सही होण्याआधी एक चाचणी ठेवा. रॅम्प झाला की गावातल्या चाकाच्या खुर्चीवाल्या किंवा तीनचाकीवाल्या माणसाला बोलवा. कोणीही न ढकलता तो चढला, दारातून आत गेला, वळला आणि परत उतरला, तरच एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, नोंद करा. अंध माणसाला काठी घेऊन फाटकापासून खिडकीपर्यंत चालत येऊ द्या. संडासाची चावी कोणाकडे आहे, हे दारावर लिहा, किंवा त्याहून बरं म्हणजे कुलूपच काढा. या चाचणीला नवा कायदा लागत नाही. इंजिनिअरने मनावर घेतलं तर तो स्वतःच्या अधिकारात करू शकतो, आणि घेतलं नाही तर ग्रामसभा त्याला करायला लावू शकते.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी गावोगावी ग्रामसभा भरतात. येत्या ग्रामसभेत 5 टक्के निधीचं रजिस्टर मागा: गेल्या तीन वर्षांत किती आला, कशावर गेला, त्यातून एक तरी दार सुगम्य झालं का. सभा वरच्या हॉलमध्ये घेऊ नका. शाळेच्या मैदानात, मारुतीच्या पारासमोर, जिथे जमीन सपाट आहे तिथे घ्या, आणि ते ठिकाण दवंडीतही सांगा आणि फळ्यावरही लिहा, म्हणजे ज्यांच्या नावावर हा पैसा येतो ते हिशेब विचारायला स्वतः हजर असतील.